शेजाऱ्यांचा तह आणि प्रक्षेपणाचा मक्ता

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते सकाळी वर्गात गणित शिकवीत आणि सायंकाळी विद्यार्थ्यांबरोबर मैदानावर उभे राहत. त्यामुळे विद्यापीठ आणि क्रीडांगण यांच्या परस्परसंबंधाविषयी बोलावयास याहून उचित व्यासपीठ मला लाभले नसते. विषय मात्र मी दूरदेशीचा निवडला आहे. अमेरिकेतील विद्यापीठांचा फुटबॉल, त्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळांचा गेल्या चाळीस वर्षांत झालेला विस्तार, आणि त्या विस्ताराच्या मुळाशी असलेले प्रक्षेपण-हक्कांचे करारनामे यांची हकिकत मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, पुतणे, भाच्या पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, ॲरिझोना अशा ठिकाणी शिकावयास गेली आहेत, आणि शरद ऋतूतल्या शनिवारी सारे गाव एकाच रंगाची वस्त्रे लेवून क्रीडागाराकडे कसे लोटते, हे त्यांच्याकडून आपण ऐकले असेल. एकट्या मिशिगनच्या क्रीडागारात एक लाख सात हजारांहून अधिक आसने आहेत. हा फुटबॉल म्हणजे आपल्या कूपरेजवर किंवा कोल्हापूरच्या शाहू मैदानावर खेळला जातो तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण व खांद्यांचे कवच चढवून खेळावयाचा तो खेळ, ज्याचा पहिला आंतरविद्यापीठीय सामना, पुष्कळ निराळ्या नियमांनी का होईना, ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला.

ज्याला तिकडे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात त्याला मी ‘मंडळ’ म्हणणार आहे. आसपासची आठ-दहा विद्यापीठे एकत्र येऊन आपसांत दरवर्षी खेळण्याचा, पात्रतेचे नियम समान ठेवण्याचा आणि तंटा उपस्थित झाल्यास तो आपसांत मिटविण्याचा जो तह करतात, तो तह म्हणजे हे मंडळ. या व्यवस्थेचा उगम कोणत्या हेतूने झाला हे विसरल्यास पुढील सर्व हकिकत केवळ आकड्यांचा जमाखर्च वाटेल, म्हणून तेथेच मी थोडा अधिक रेंगाळणार आहे.

११ जानेवारी १८९५ या दिवशी पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या निमंत्रणावरून मध्यपश्चिमेकडील सात विद्यापीठांचे प्रमुख शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात जमले. फुटबॉल त्या काळी अत्यंत दांडगाईचा खेळ झाला होता, आणि आज एका विद्यापीठाच्या नावाने तर उद्या दुसऱ्याच्या नावाने उतरणारे भाडोत्री खेळाडू त्यात बिनदिक्कत शिरले होते. जो त्या विद्यापीठाचा खरोखरीचा, पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी असेल त्यानेच त्याच्या नावाने मैदानात उतरावे, आणि खेळाच्या कारभाराची सूत्रे अध्यापकवर्गाच्या हाती असावीत, असे त्या बैठकीत मुक्रर झाले. आणि पुढील वर्षी जे मंडळ स्थापन झाले त्याच्या औपचारिक नावातच ‘प्राध्यापक-प्रतिनिधी’ हे शब्द होते. आज ‘बिग टेन’ या नावाने जगाला ठाऊक असलेली संस्था ती हीच. खेळाचे पावित्र्य राखण्यासाठी शिक्षकांनी केलेला तह हे तिचे मूळ स्वरूप होते, आणि त्या तहात रुपयापैशाचे, म्हणजे डॉलरचे, कलम प्रधान नव्हते.

पॅसिफिक किनाऱ्यावरील मंडळाचा जन्म डिसेंबर १९१५ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी झाला. बर्कलेचे कॅलिफोर्निया विद्यापीठ, वॉशिंग्टन विद्यापीठ, ओरेगन विद्यापीठ आणि ओरेगनचे शेतकी महाविद्यालय हे त्याचे चार संस्थापक होत. त्यांपैकी शेतकी महाविद्यालय म्हणजे कॉर्व्हॅलिस या लहानशा गावचे आजचे ओरेगन स्टेट विद्यापीठ. १९१७ मध्ये पुलमन येथील वॉशिंग्टन स्टेट आले, १९१८ मध्ये स्टॅनफर्ड आले, आणि त्यानंतर लॉस एंजलिसची दोन विद्यापीठे. पुलमन हे गव्हाच्या टेकड्यांनी वेढलेले गाव आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेतकी व यंत्रविद्येच्या शिक्षणाकरिता केंद्र सरकारने राज्यांना ज्या जमिनी इनाम दिल्या, त्यांच्या उत्पन्नावर उभी राहिलेली कॉर्व्हॅलिस व पुलमन येथील ही दोन विद्यालये. शेतकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडून देणारी. ही दोन नावे श्रोत्यांनी कृपया ध्यानात ठेवावीत.

या अवधीत पूर्वेकडील काही विद्यापीठांनी निराळा मार्ग धरला, आणि त्यातील एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. १९०५ च्या मोसमात मैदानावरील दांडगाई इतकी वाढली की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज द्यावी लागली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने तर त्या मोसमानंतर फुटबॉल बंदच केला, तो १९१५ पर्यंत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये ज्या कोलंबियात दाखल झाले, ते फुटबॉलला मनाई असलेले कोलंबिया होते. पुढे १९५४ च्या आयव्ही करारात याच कोलंबियाने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदींसह असे ठरविले की खेळाच्या नावाने शिष्यवृत्ती द्यावयाची नाही. त्या आठ विद्यापीठांचे मंडळ आजही तेच आठ सभासद घेऊन उभे आहे. विद्यापीठाने मनात आणले तर बाजाराला नकार देता येतो, याचा हा पुरावा मी आरंभीच दाखल करून ठेवतो.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. घरबसल्या खेळ दिसू लागला तर क्रीडागारे ओस पडतील या भयाने विद्यापीठांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, १९५१ पासून प्रक्षेपणावर नियंत्रण घातले. कोणत्या शनिवारी कोणता सामना दाखवावयाचा, एका विद्यापीठाचे सामने किती वेळा दिसावेत, मोबदला किती, हे सर्व ती संघटना ठरवी. तिच्या अखेरच्या योजनेत एबीसी आणि सीबीएस या दोन कंपन्यांनी चार वर्षांकरिता प्रत्येकी १३ कोटी १७ लाख ५० हजार डॉलर देण्याचे कबूल केले होते, आणि कोणत्याही संघाने दोन वर्षांत सहाहून अधिक वेळा पडद्यावर येऊ नये असा दंडक होता. या व्यवस्थेचा अर्थ एका उदाहरणावरून ध्यानात येतो, आणि ते उदाहरण पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही नोंदले गेले: १९८१ मध्ये एकाच आठवडाअखेर ओक्लाहोमा आणि दक्षिण कॅलिफोर्निया या बलाढ्य संघांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखविला गेला, सिटाडेल आणि ॲपलाचियन स्टेट या लहान संस्थांचा सामना अवघ्या चार केंद्रांवरून, आणि चारही संघांना मिळालेली रक्कम मात्र सारखीच होती.

ओक्लाहोमाला हा अन्याय वाटला. सिटाडेलला तो न्याय वाटला असेल. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांनी फिर्याद दाखल केली आणि २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी म्हणून रद्द ठरविली. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे होते. त्यांचा युक्तिवाद असा, की ग्राहकाला हवा तितका माल बाजारात येऊ न देणे व त्याची किंमत एकहाती ठरविणे हे कृत्य विद्यापीठांच्या संघटनेने केले म्हणून निर्दोष होत नाही. आणि कायद्याच्या शब्दाकडे पाहता हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे. परंतु विरुद्ध मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते बायरन व्हाइट. या गृहस्थाने तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाच्या वतीने फुटबॉल गाजविला होता, पुढे व्यावसायिक फुटबॉलही खेळला होता, आणि त्या न्यायपीठावर बसलेल्यांत मैदानाची माती अंगाला लागलेला त्यांच्याइतका दुसरा कोणी नव्हता. विद्यापीठांची संघटना ही नफ्याकरिता चालणारी पेढी नव्हे, प्रक्षेपणावरील मर्यादा ही शिक्षणाच्या हेतूशी निगडित असून एखाद्या विद्यापीठाने खेळाच्या पैशाच्या मागे धावत सुटू नये म्हणून घातलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चाळीस वर्षांनंतर दोन्ही निकालपत्रे शेजारी ठेवून वाचताना मला असे वाटते, की कायदा स्टीव्हन्स यांना अधिक उमगला होता आणि भविष्य व्हाइट यांना.

येथे मला आपल्याकडील एका निकालाचे स्मरण होते. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट असोसिएशन आणि केंद्र सरकार यांच्यात जो दावा चालला, त्याचा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला, आणि त्यातील प्रमुख निकालपत्र महाराष्ट्राचे सुपुत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिले. सामना भरविणाऱ्याचा प्रक्षेपणाचा हक्क त्यांनी मान्य केला, सरकारची मिरासदारी अमान्य केली. पण त्याच वेळी प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितार्थ, एका स्वतंत्र सार्वजनिक अधिसत्तेच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे, हेही ठामपणे सांगितले. ही मालमत्ता कोणाची, हा प्रश्न त्यांनी विचारला. अमेरिकेतील दाव्यात तो प्रश्न उपस्थितच झाला नाही. राष्ट्रीय संघटनेचा हक्क गेला, इतकेच ठरले. आणि जनतेच्या करातून व इनाम जमिनींतून उभ्या राहिलेल्या विद्यापीठांनी तो हक्क जणू आपले वडिलोपार्जित वतन आहे अशा समजुतीने आपल्या मंडळांमार्फत विकावयास काढला.

परिणाम हळूहळू दिसू लागले. १९९० मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने आपल्या घरच्या सामन्यांचा एनबीसी कंपनीशी स्वतंत्र करार केला. आर्कान्सॉ विद्यापीठाने टेक्सासभोवतीचे जुने साउथवेस्ट मंडळ सोडले, दक्षिणपूर्वेकडील मंडळ बारा सभासदांचे झाले व त्याने १९९२ मध्ये स्वतंत्र अजिंक्यपदाचा सामना सुरू केला. १९९६ मध्ये साउथवेस्ट मंडळ नामशेष झाले, त्यातील चार विद्यापीठे बिग ट्वेल्व्ह मंडळात गेली आणि उरलेली चार विखुरली. २००७ मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी काढली, आणि येथे एक नवे गणित सुरू झाले. केबलच्या जोडणीचे मासिक शुल्क, त्या घरातील कोणी फुटबॉल पाहो वा न पाहो, प्रत्येक घराकडून वसूल होई; आणि मंडळाचा एखादा सभासद ज्या प्रांतात असेल तेथे हे शुल्क अधिक दराने मागता येई. यास्तव २०१४ मध्ये मेरीलंड आणि रटगर्स यांना सभासद करून घेण्यात आले. मेरीलंड हे १९५३ पासून अटलांटिक मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्या मैदानावरील पराक्रमापेक्षा वॉशिंग्टन व बाल्टिमोरच्या घरांची संख्या, आणि रटगर्सच्या बाबतीत न्यूयॉर्कलगतच्या घरांची संख्या, हेच निर्णायक ठरले. मुलुखाची मोजणी करून महसूल बसवावा, तशी ही घरांची मोजणी होती.

पॅसिफिक मंडळानेही वाहिनी काढली, २०१२ मध्ये. परंतु तिची संपूर्ण मालकी मंडळाने स्वतःकडे ठेवली, कोणी मातब्बर भागीदार घेतला नाही, आणि डिरेक्टीव्हीसारख्या मोठ्या वितरकाशी तिचा करार कधीच जुळला नाही. इएसपीएन व फॉक्स यांच्याशी बारा वर्षांचा, सुमारे ३ अब्ज डॉलरचा जो करार त्या वेळी अभिमानाचा विषय होता, त्याची मुदत २०२४ मध्ये संपावयाची होती. मुदत जवळ येत असताना, ३० जून २०२२ रोजी, लॉस एंजलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. आणि त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस व एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. पॅसिफिक मंडळात मागे उरलेल्या दहा विद्यापीठांना आपल्या हक्कांकरिता गिऱ्हाईक मिळेना. २७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडो, म्हणजे न्यायमूर्ती व्हाइट यांचे विद्यापीठ, प्रथम बाहेर पडले. अखेर ॲपल कंपनीचा प्रस्ताव पुढे होता, परंतु त्यातील उत्पन्न वर्गणीदार किती मिळतील यावर अवलंबून होते.

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. त्या दिवशी सकाळी नऊ विद्यापीठांचे अध्यक्ष हक्कदानपत्रावर सह्या करण्यासाठी एकत्र येणार होते. हक्कदानपत्र म्हणजे सभासदाने आपले प्रक्षेपण-हक्क ठरावीक मुदतीपर्यंत मंडळाच्या नावे लिहून देणे; एकदा ते लिहून दिले की सभासद निघून गेला तरी त्याचे हक्क मंडळाकडेच राहतात. सह्या झाल्या नाहीत. दिवस मावळण्यापूर्वी ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी बिग टेनचा रस्ता धरला, तोही तेथील जुन्या सभासदांहून कमी हिस्सा पत्करून; ॲरिझोनाची दोन्ही विद्यापीठे आणि युटा यांनी बिग ट्वेल्व्हचा. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कले अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळात दाखल झाली, तेथेही अपुऱ्या हिश्श्यावर. एकशे आठ वर्षांच्या शेजाराचा कारभार एका उन्हाळ्यात आटोपला, आणि अस्थिपंजर राहिला तो दोघांचा: कॉर्व्हॅलिसचे ओरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट.

या दोघांचा अपराध कोणता? १ जानेवारी १९४२ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर कॅलिफोर्नियात मोठा जमाव जमविण्यास मनाई झाल्यामुळे, पॅसाडेनाचा प्रसिद्ध रोझ बोल सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला डरहॅम येथे खेळविला गेला, आणि तेथे जाऊन ड्यूकला त्यांच्याच घरी २०–१६ असा पराभूत करणारा संघ ओरेगन स्टेटचा होता. पराक्रमात ते उणे नव्हते. कॉर्व्हॅलिस व पुलमन यांच्याभोवती शहर नाही, आणि म्हणून मोजण्याजोगी घरे नाहीत, एवढेच त्यांचे न्यून. १९५९ मध्ये खेळाडूंना गुप्तपणे पैसे पुरविल्याच्या प्रकरणावरून हे मंडळ एकदा मोडले व नव्या रूपात उभे राहिले, तेव्हाही वॉशिंग्टन स्टेट १९६२ पर्यंत आणि ओरेगनची दोन्ही विद्यापीठे १९६४ पर्यंत बाहेर होती. पण तेव्हा शेजाऱ्यांना शेवटी शेजार आठवला होता.

दोघांनी न्यायालयाचा आश्रय घेतला. वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन परगण्याच्या कोलफॅक्स या गावच्या न्यायालयात, पुलमनपासून अवघ्या काही कोसांवर, त्यांनी असा दावा मांडला की मंडळाच्या घटनेनुसार जो सभासद बाहेर पडण्याची सूचना देतो त्याचा नियामक मंडळावरील अधिकार संपुष्टात येतो, तेव्हा उरलेल्या मालमत्तेचा कारभार आता आमचाच. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी तो मान्य केला, आणि डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. त्या बळावर त्यांनी मंडळ पुन्हा बांधावयास घेतले आहे. बॉइझी, फ्रेझ्नो, सॅन डिएगो, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट अशा शेजारच्या संस्था २०२६ च्या मोसमापासून सामील करून घेण्याचे ठरविले. मला या उद्योगाविषयी अतीव आदर वाटतो.

पैशाची निकड खरी नव्हती असे मी म्हणत नाही. फुटबॉलच्या उत्पन्नावर पोहणे, नौकानयन, कुस्ती, व्हॉलीबॉल असे इतर खेळ चालतात, आणि १९७२ च्या समानतेच्या कायद्यानंतर मुलींच्या खेळांचा वाढलेला खर्चही बहुतांशी त्यातूनच भागतो. २०२० मध्ये स्टॅनफर्डसारख्या धनाढ्य विद्यापीठाने अकरा खेळ बंद करण्याचे जाहीर केले होते, ते पुढील वर्षी लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावे लागले. पण ज्या इतर खेळांच्या नावाने हा व्यवहार समर्थनीय ठरविला जातो, त्यांच्याच खेळाडूंनी त्याचे मोल चुकविले आहे. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदाच खेळतो. लॉस एंजलिसच्या व्हॉलीबॉलच्या मुलींना मात्र आठवड्यातील मधल्या दिवशी न्यू जर्सीला जावे लागते, सुमारे चार हजार किलोमीटर, तीन तासांच्या कालमानाचा फरक ओलांडून, आणि परतल्यावर सकाळी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभे राहावे लागते. त्यांच्याकरिता कोणतीही कंपनी मक्ता घेत नाही. कॅलिफोर्नियात तर असे घडले की एकाच नियामक मंडळाखालील दोन विद्यापीठांपैकी एक बिग टेनमध्ये गेल्याने दुसऱ्याचे नुकसान झाले म्हणून, लॉस एंजलिसने बर्कलेला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत असा निर्णय २०२४ मध्ये त्या नियामक मंडळालाच करावा लागला.

खेळाडूंना स्वतःला पैसा मिळू नये, या जुन्या आग्रहाचाही शेवट झाला आहे. २०२१ च्या ऑल्स्टन निकालात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएविरुद्ध कौल दिला, आणि ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटण्याची मुभा मिळाली. हे मी योग्यच मानतो. ज्याच्या हाडांवर हा व्यापार उभा आहे त्याला हिस्सेरशी मिळालीच पाहिजे. पण फुटबॉलचा खेळाडू आता उघडपणे मोबदला घेतो, तेव्हा त्याच्या व्यापाराच्या सोयीने नौकानयन करणाऱ्या मुलीचे वेळापत्रक आखण्याचा अधिकार विद्यापीठाला आणखीच कमी उरतो.

म्हणून माझे मत मी स्पष्ट सांगतो. फुटबॉलला देशव्यापी बाजार हवा असेल तर तो त्याला लखलाभ होवो. त्याचे मंडळ निराळे करावे, त्याचा करार निराळा करावा, त्याच्या उत्पन्नातून इतर खेळांना द्यावयाचा वाटा सनदेत नमूद करावा, आणि बाकीचे सर्व खेळ पुन्हा शेजाऱ्यांच्या मंडळांत आणून सोडावेत. मुलांनी बसने जावे, सामना खेळावा आणि रात्री आपल्या वसतिगृहात येऊन झोपावे. स्मार्ट आणि त्यांचे सहा सहकारी ज्या कारणाकरिता पामर हाउसमध्ये बसले होते, ते कारण अद्याप शिल्लक आहे, आणि विद्यापीठांच्या अध्यक्षांना पुन्हा तसे बसण्यास कोणत्याही न्यायालयाची मनाई नाही.

वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा वार्षिक सामना १९०० सालापासूनचा. बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस तो होई. मंडळ मोडल्यावर बिग टेनच्या वेळापत्रकात त्याला ती जागा उरली नाही, म्हणून तो १४ सप्टेंबर २०२४ रोजी सिॲटलच्या एका तिऱ्हाईत मैदानावर ठेवण्यात आला. शेवटच्या मिनिटात वॉशिंग्टनचा संघ रेषेच्या अगदी जवळ येऊन ठेपला होता. पुलमनच्या मुलांनी त्याला तेथेच अडविले आणि सामना २४–१९ असा जिंकला.